बरणी क्रमांक तीन

मापसाहेबांनी घरी वाइन करायचं मनावर घेतलं, ते वाइनच्या ओढीने मुळीच नव्हे. वाइन त्यांनी आयुष्यात मोजून सात वेळा प्यायली होती, आणि 'मोजून' हा शब्द त्यांच्या बाबतीत कोणी उगाच बोलायची पद्धत म्हणून वापरत नाही. वजनमापं खात्यात अठ्ठावीस वर्षं निरीक्षक असलेला माणूस तो. दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर जप्त करायचे आणि जप्त मालाला तार ओवून शिशाचं सील ठोकायचं, हे त्यांचं काम. इमारतीतले सगळे त्यांना मापसाहेबच म्हणत. त्यांचं खरं नाव पत्रपेटीवर लिहिलेलं होतं, पण पोस्टमनसुद्धा तिकडे बघत नसे.

मूळ कारण मॅडम. मॅडम म्हणजे मापसाहेबांची बायको. मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्या रक्त, थुंकी आणि जेवणाच्या टेबलावर ज्यांचं नाव काढू नये अशा आणखी चार गोष्टी तपासत. तपासता तपासता एकवीस वर्षं झाली, आणि एके दिवशी पत्र आलं की चार महिन्यांनी जुने प्रमुख निवृत्त होताहेत, त्यांच्या खुर्चीवर आता मॅडम बसतील. मॅडमनी पत्र वाचून त्याची घडी केली आणि भाजी चिरायला घेतली. मापसाहेबांनी मात्र ते उलगडून जिन्यातल्या प्रत्येक माणसाला दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा पुसून त्यातली शुद्धलेखनाची एक चूक काढली, तीही मापसाहेबांनी त्या दिवशी माफ केली.

पार्टी घरीच करायची ठरलं. हे कळताच मेहुण्यांचा फोन आला. मेहुणे म्हणजे मॅडमचे थोरले भाऊ. त्यांना वाइनमधलं फार कळतं, असं त्यांच्याइतकं ठामपणे दुसरं कोणी म्हणत नाही. ते पेला उजेडात धरतात, गरगर फिरवतात, नाक आत घालतात आणि डोळे मिटून 'ओलं लाकूड' असं काहीतरी म्हणतात.

"वाइन मी आणेन," मेहुणे म्हणाले. "तुम्ही त्यात पडू नका. तुम्हाला काय, लिटरमध्ये भरलं म्हणजे झालं."

आता हे वाक्य साध्या माणसाला बोचलं नसतं. पण मापसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि तोंडातून निघून गेलं, "दादा, काही आणू नका. वाइन मी करतोय."

"करतोय म्हणजे?"

"म्हणजे घरी. स्वतःच्या हाताने."

मग मेहुणे हसले. ते हसणं मापसाहेबांच्या कानात पुढचे चार महिने होतं.

फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या, "अहो, सोपं असतं ते. यीस्टचंच काम आहे सगळं. मी सांगते तसं—"

"तू एक अक्षर सांगायचं नाहीस," मापसाहेब म्हणाले, "आणि बोट लावायचं नाहीस. हे मी एकटा करणार."

यामागे थोडा इतिहास होता, पण तो थोडक्यात सांगून टाकू. मापसाहेबांनी भिंतीला लावलेली फळी मॅडमनी नंतर सरळ केली होती. त्यांनी रंगवलेलं दार मॅडमनी खरवडून पुन्हा रंगवलं होतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तरी सबंध घरात बोट दाखवावं अशी एकही वस्तू नव्हती की जी त्यांनी सुरू केली आणि त्यांनीच संपवली. बायकोच्या मोठेपणाच्या दिवशी तिच्यापुढे आपल्या एकट्याच्या हातचं काहीतरी ठेवावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण एवढं साधं वाक्य तेवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला तोंडावर म्हणायचं म्हणजे माणसाला लाज वाटते. त्यापेक्षा 'बोट लावू नकोस' म्हणून खेकसणं बरं.

मॅडम "बरं" म्हणाल्या. हा त्यांचा 'बरं' प्रयोगशाळेतला होता. समोरचा रुग्ण 'मला काही झालेलं नाही' म्हणतो, तेव्हा त्या तसाच म्हणतात.

द्राक्षं आणणं हे पहिलं काम, आणि तिथेच अडचण. मापसाहेब मंडईत शिरले की मंडईचा रंग बदलतो. एका फळवाल्याने त्यांना लांबूनच पाहिलं आणि तराजू पोत्याखाली ढकलला. दुसरा 'द्राक्षं विकायची नाहीत, नुसती मांडलीत' म्हणाला. तिसऱ्याकडे दहा किलो मागितली तर त्याने साडेअकरा दिली आणि हात जोडले. मापसाहेबांनी तिथेच बसकण मारली, जास्तीचे घड काढून ठेवले, आणि शेवटी काटा स्थिर होईना म्हणून एक द्राक्ष परत दिलं. फळवाल्याने ते द्राक्ष दिवसभर गिऱ्हाइकांना दाखवलं म्हणतात. या भानगडीत तास मोडला, पण दहा किलो म्हणजे दहाच किलो घरी आली, याचं मापसाहेबांना फार समाधान वाटलं.

सल्ल्यांची काही कमतरता नव्हती. शेजाऱ्याकडे साखर मागितली तर वाटीभर मिळते, सल्ला मात्र पोत्याने. हेडमास्तर म्हणाले, "वाइनला अंधार आणि शांतता लागते. एकदा ठेवली की विद्यार्थ्यासारखी सारखी हलवायची नाही." तळमजल्यावरच्या काकूंच्या आतेबहिणीच्या नणंदेच्या दिरांनी एकदा वाइन केली होती. तिचं पुढे काय झालं ते काकूंना ठाऊक नव्हतं, पण ते दीर नंतर गाव सोडून गेले एवढं ठाऊक होतं. दोघांचंही मापसाहेबांनी वहीत लिहून घेतलं. घरात एक बाई एकवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून यीस्टच बघत होती, आणि हा गृहस्थ जिन्यातून वरखाली करत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

द्राक्षं धुतली, परातीत घालून कुस्करली, साखर आणि यीस्ट मोजून घातलं, आणि सगळं काचेच्या मोठ्या बरणीत भरलं. बरणीला चिठ्ठी लावली: 'बरणी क्र. १', खाली तारीख आणि सही. इथपर्यंत जगातल्या कोणत्याही माणसाने हेच केलं असतं. पुढचं मात्र मापसाहेबच करू जाणे. अठ्ठावीस वर्षांत एकही वस्तू त्यांनी सील न करता सोडली नव्हती. उघडं झाकण दिसलं की त्यांना कोणीतरी भेसळ करतंय असं वाटे. त्यांनी झाकण आवळलं, त्यावर रबर बसवलं, तार तीन वेढे फिरवली, शिसं ओवलं आणि खात्याच्या पक्कडीने कचकन दाबलं. मग अंधार आणि शांतता कुठे आहे याचा घरभर शोध घेऊन बरणी कपड्यांच्या कपाटात, अगदी तळाशी ठेवली.

मॅडमनी सील पाहिलं. त्यांचे ओठ हलले. पण शब्द दिलेला होता, तेव्हा त्या आंघोळीला गेल्या.

आता द्राक्षाचा रस आंबताना वायू सोडतो, हे मापसाहेबांना माहीत नव्हतं असं नाही. हेडमास्तरांनी तसं एकदा म्हटलंही होतं. पण माझ्या सीलमधून अठ्ठावीस वर्षांत काही बाहेर पडलेलं नाही, असा मापसाहेबांचा जबाब होता. तो खराही होता. नवव्या दिवशी सकाळी हेडमास्तर वर्तमानपत्र मागायला आले होते, दोघं चहा पीत होते, आणि आतल्या खोलीत धडाम् असा आवाज झाला. हेडमास्तरांनी कप न सांडता टेबलाखाली आसरा घेतला; मोठ्या शाळेत नोकरी केलेली होती त्यांनी. मापसाहेब धावले. कपाटाची दोन्ही दारं सताड उघडी होती, बरणीचा वरचा भाग नव्हता, आणि मॅडमचे प्रयोगशाळेत घालायचे पांढरेशुभ्र, इस्त्री केलेले चारही कोट गर्द जांभळे झाले होते. सील मात्र शाबूत होतं. ते झाकणासकट वरच्या खणात जाऊन बसलं होतं, तारेचा एक वेढासुद्धा ढिला नव्हता. त्या परिस्थितीतही मापसाहेबांना त्याचा जरासा अभिमान वाटल्यावाचून राहिला नाही.

मॅडम आल्या. त्यांनी कपाट पाहिलं. "कोणाला लागलं नाही ना?" एवढंच विचारलं. मग त्यातल्या त्यात कमी जांभळा कोट निवडून त्या कामावर गेल्या. त्या दिवशी रक्त द्यायला आलेले सहा जण त्यांना पाहून रक्त न देताच परत गेले.

"परवानगी तरी काढली होतीत का?" टेबलाखालून बाहेर येत हेडमास्तरांनी विचारलं होतं. तो प्रश्न मापसाहेबांच्या मनात घर करून बसला. सरळमार्गी माणूस. बेकायदा वाइन आपल्या घरात नको. ते परवाना कार्यालयात गेले.

खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं, "विकायची आहे?"

"नाही, घरी प्यायला."

"मग परवाना लागत नाही."

"तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की लागत नाही म्हणून."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "साहेब, लागतो असं लिहून द्यायचा छापील कागद आहे. लागत नाही याचा कागद नाही. आणि कागद हवाच असेल, तर अर्ज करा. मग आमचा निरीक्षक येऊन बघून जाईल."

दुसरा कोणी असता तर नमस्कार करून घरी गेला असता. मापसाहेबांनी अर्ज केला, तीन प्रतींत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. दुसऱ्यांकडे कागद मागण्यात जन्म घालवलेल्या माणसाला आपल्याकडे कागद नसला की अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं.

तोवर बरणी क्रमांक दोन सुरू झाली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं या वेळी मापसाहेबांनी झाकणच लावलं नाही. वर एक विरळ फडकं टाकलं आणि खिडकीशी वाऱ्यावर ठेवली. बारीक माश्यांना ही व्यवस्था अतिशय पसंत पडली. तीन आठवड्यांत त्या इतक्या झाल्या की काकू तळमजल्यावरून विचारायला आल्या, तुमच्याकडे काही मेलंय का.

परवाना कार्यालयाचे निरीक्षक आले तेव्हा मापसाहेब नवा शर्ट घालून बसले होते. एका निरीक्षकाने दुसऱ्या निरीक्षकाला कसं वागवावं, याचा आदर्श घालून द्यायचा होता त्यांना. खुर्ची दिली, चहा दिला. बघायला हेडमास्तर आणि काकूही येऊन बसले होते. निरीक्षकांनी बरणी पाहिली, नोंदवही उघडली आणि किती लिटर आहे ते मोजायला पिशवीतून पितळी माप काढलं.

मापसाहेबांचं लक्ष मापाच्या तळाकडे गेलं. ते स्वतःला आवरायला बघत होते, याला पुढे मॅडमनीही साक्ष दिली. त्यांनी दुसरीकडे पाहिलं, खाकरले, चहाचा घोट घेतला. पण शेवटी सवय ती सवय.

"जरा बघू?" ते म्हणाले. माप हातात घेऊन उलटं केलं. "याच्यावरचा शिक्का चार वर्षांपूर्वी संपलाय."

"असेल," निरीक्षक म्हणाले. "चालतं."

"चालत नाही," मापसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम सरकारी झाला. "हे माप मला जप्त करावं लागेल."

"अहो, मी तुमची तपासणी करायला आलोय!"

"ती तुम्ही करा. पण या मापाने नाही."

पाच मिनिटांत मापाला तार ओवून सील बसलं. पंच म्हणून हेडमास्तरांची सही झाली. निरीक्षक लालबुंद होऊन बसले होते. त्यांनी बरणीत चमचा बुडवला, जिभेला लावला, आणि त्यांचं तोंड असं झालं की काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. मग त्यांनी नोंदवहीत लिहिलं, कागद फाडून टेबलावर ठेवला आणि चहा अर्धा टाकून ते गेले.

कागदावर लिहिलं होतं: 'सदर घरी वाइन आढळली नाही. व्हिनेगर आढळले. त्यास परवाना लागत नाही.'

मापसाहेबांना हवा होता तो कागद मिळाला होता. सही होती, शिक्का होता. त्यांनी तो चारदा वाचला आणि खिडकीशी जाऊन बरणीत बोट बुडवून चाटलं. शासनाचं म्हणणं खरं होतं.

बरणीतलं व्हिनेगर काकूंनी मागून नेलं आणि त्यात कांदे घातले. आठ दिवसांनी त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या, "मापसाहेबांचा हात व्हिनेगरला काय सुरेख आहे हो! बाजारच्याला अशी धार नाही." लोक मापसाहेबांना थांबवून अभिनंदन करू लागले. शिव्या माणूस सहन करतो. भलत्याच गोष्टीचं कौतुक सहन करणं फार कठीण असतं. मापसाहेब खाली मान घालून 'धन्यवाद' म्हणत आणि दोन दोन पायऱ्या चढून घरात शिरत.

पार्टीला आता दोन महिने उरले होते, आणि द्राक्षांचा हंगाम संपत आला होता. मंडईत त्यांनी शेवटची दहा किलो उचलली. या वेळी फळवाल्याने अर्धा किलो जास्त घातली, आणि मापसाहेबांच्या ते लक्षातही आलं नाही. इतका त्यांचा धीर खचला होता. ही बरणी बिघडली, तर दुसरी भरायला द्राक्षंच मिळणार नव्हती. मेहुणे हसणार, बाटल्या घेऊन येणार, आणि मॅडमच्या मोठेपणाच्या दिवशी मापसाहेब बाटल्यांची बुचं काढणार.

बरणी क्रमांक तीन. झाकण ना आवळलेलं, ना उघडं; मधलंच काहीतरी. चार दिवस बुडबुडे छान आले. पाचव्या दिवशी मंदावले. सहाव्या दिवशी बरणी गप्प झाली आणि तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ लागला. मापसाहेब तासातासाला झाकण उघडून हुंगत होते. मॅडम पलीकडे बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. वर्तमानपत्र उलटं होतं, पण दोघांपैकी कोणीच ते बोलून दाखवलं नाही.

बायकोला विचारायचं नाही, हा शब्द त्यांचा स्वतःचा होता. तो मोडायचा कसा? रात्री जेवताना त्यांना वाट सापडली. घरात विचारणं म्हणजे मदत मागणं. पण सार्वजनिक इस्पितळाच्या खिडकीवर जाऊन, रांगेत उभं राहून, नमुना तपासून घेणं ही काही मदत नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायला निघालेला माणूस यापेक्षा चांगला मुद्दा काढू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मापसाहेब इस्पितळात गेले. फॉर्म घेतला. 'रुग्णाचे नाव' या रकान्यात त्यांनी 'बरणी क्र. ३' लिहिलं, 'वय' इथे 'सात दिवस' आणि 'नाते' इथे बराच विचार करून 'पालक'. मग हातात लहान बाटली धरून लघवी तपासणीच्या रांगेत उभे राहिले, कारण दुसऱ्या दोन्ही रांगांत हातात बाटली घेतलेलं कोणी नव्हतं.

इतरांच्या बाटल्या फिकट पिवळ्या होत्या. मापसाहेबांची गर्द लाल, वर थोडा फेस. पुढच्या आजोबांनी सहज मागे वळून पाहिलं. बाटलीकडे पाहिलं, मग मापसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले.

"पुढे व्हा तुम्ही."

"नको, नको. मी रांगेतच—"

"अहो, व्हा हो पुढे! आमचं काय, नेहमीचंच आहे."

त्यांच्या पुढची बाई वळली आणि तोंडावर हात ठेवून बाजूला झाली. मग सगळी रांगच दुभंगली. कोणीतरी पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणालं, "घाबरू नका, हल्ली औषधं चांगली निघालीत." मापसाहेबांनी आयुष्यात कधी रांग मोडली नव्हती. पण लोकांनीच त्यांना दंडाला धरून खिडकीपाशी नेऊन उभं केलं.

खिडकीमागे मॅडम होत्या. त्यांनी फॉर्म वाचला. एकदा वर पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"त्रास कधीपासून?"

"कालपासून," मापसाहेब म्हणाले. "आधी चांगलं चाललं होतं. एकदम गप्प झालं."

"वास?"

"येतो." आणि मग त्या खिडकीशी वाकून, रांगेतल्या सगळ्यांदेखत, मापसाहेब हळूच म्हणाले, "अगं, वाचेल ना ते?"

मॅडमनी बाटली हातात घेतली. "बसा तिकडे," त्या म्हणाल्या. "बघते."

पाऊण तासाने छापील अहवाल हातात पडला. खाली मॅडमची सही होती. मापसाहेबांनी तो बाकावर बसून वाचला: 'यीस्ट जिवंत, परंतु उपाशी. नको असलेले जंतू आढळले नाहीत. रुग्णास तातडीने खाणे देणे. झाकणास नळी बसवून तिचे दुसरे टोक पाण्यात बुडवणे, म्हणजे आतला वायू बाहेर जाईल व बाहेरची हवा आत येणार नाही. नातेवाइकांनी तासातासाला झाकण उघडून रुग्णास त्रास देऊ नये.' अठ्ठावीस वर्षांत मापसाहेबांनी ढीगभर अहवाल वाचले आणि लिहिले होते. इतका नेमका, इतका स्वच्छ, एकही शब्द फुकट न घालवणारा अहवाल त्यांनी पाहिला नव्हता. ही बाई रोज संध्याकाळी आपल्या घरी येते, आपल्या शेजारी बसून जेवते, आणि ती काय ताकदीची आहे हे आपण आज रांगेत उभं राहून पाहिलं, असं त्यांच्या मनात आलं. छाती भरून आली त्यांची. शेजारच्या आजोबांना वाटलं, वाईट बातमी आहे. त्यांनी मापसाहेबांचा हात दाबला.

संध्याकाळी मॅडम येताना सलाईनची नवी नळी घेऊन आल्या. "अहवालाची अंमलबजावणी कोण करणार?" त्यांनी विचारलं. मापसाहेब नुसते बाजूला सरकले. झाकणाला भोक मॅडमनी पाडलं, नळी मॅडमनी बसवली, खाणं मॅडमनी मोजून घातलं. भांडी उकळून घेणं, गाळ खाली बसल्यावर वरचं नितळ नळीने दुसऱ्या बरणीत ओढून घेणं, सगळं त्यांनी केलं. मापसाहेब फडकं धरायचे, दिवा धरायचे, आणि पाण्यात बुडबुडा आला की मोजायचे. मिनिटाला अठरा. मग बारा. मग चार. महिना-सव्वा महिना दोघं रोज संध्याकाळी त्या बरणीपुढे खुर्च्या टाकून बसत. इतका वेळ एका जागी ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही बसले नव्हते.

पार्टीच्या दिवशी घर माणसांनी भरलं. प्रयोगशाळेतली सगळी मंडळी आली, हेडमास्तर आले, काकू कांद्यांची बरणी घेऊन आल्या. मेहुणे आले ते हातात एक पिशवी घेऊन. "असू द्या," पिशवी कोपऱ्यात ठेवत ते म्हणाले, "वेळ काही सांगून येत नाही."

मॅडमनी मोठ्या भावाच्या हातात पेला दिला. वाइन स्वच्छ, गर्द लाल उतरली होती. मेहुण्यांनी पेला उजेडात धरला. फिरवला. नाक आत घातलं. मापसाहेबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मेहुण्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि सगळे आता लाकडाची वाट पाहताहेत तोच त्यांनी उरलेला पेला एका दमात संपवून पुढे केला.

"आणखी घाल," ते बहिणीला म्हणाले. "कोणी केली म्हणालीस ही?"

"ह्यांनी," मॅडम म्हणाल्या. "एकट्यांनी. मी बोटसुद्धा लावलं नाही."

हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, त्याच आवाजात त्या अहवाल सांगत, आणि तो ऐकून मोठमोठे डॉक्टर मुकाट्याने औषध लिहीत. कोणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. टाळ्या पडल्या. हेडमास्तर 'शाब्बास' म्हणाले. मेहुण्यांनी मापसाहेबांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, आणि त्या हलवण्यात थट्टा नव्हती.

चार महिने मापसाहेबांनी ज्या वाक्याची वाट पाहिली होती, ते शब्दाशब्दाने जसंच्या तसं आलं होतं. आता फक्त मान तुकवायची आणि हसायचं. ते हसलेही. पण ते हसू धड ओठांवर बसेना. भर खोलीत, चाळीस डोळ्यांदेखत, धडधडीत खोटं माप चाललं होतं, आणि ते मापसाहेबांच्याच पारड्यात पडत होतं.

"थांबा," ते म्हणाले.

टाळ्या थांबल्या.

"नोंदीत दुरुस्ती करायची आहे. निम्मी हिने केलीय."

मॅडमनी एक भुवई वर केली.

"पाऊण," मापसाहेब म्हणाले.

भुवई वरच राहिली. मॅडमच्या हाताखालची मुलं एकमेकांना कोपरं मारू लागली.

"अहो, मग तुम्ही काय केलंत?" मेहुण्यांनी विचारलं.

"द्राक्षं मी आणली," मापसाहेब म्हणाले. त्यांनी मान ताठ केली, आणि या खोलीतल्या कोणालाही कळेल अशा, मंडई ऐकेल अशा आवाजात ते पुढे म्हणाले, "बुडबुडे मी मोजले. आणि सगळ्या जगाला विचारून झाल्यावर शेवटी का होईना, विचारायचं कोणाला हे मला समजलं. तुमची जी नवी प्रमुख आहे ना, तिच्या खिडकीपुढे जाऊन मी विचारलं. तेवढं शंभर टक्के माझं. त्यात कोणाचा हात नाही."

मॅडम हसायला लागल्या. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्यांना एकवीस वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना डोळे पुसावे लागले. मग हसता हसताच त्यांनी आपला रिकामा पेला नवऱ्यापुढे धरला. मापसाहेबांनी तो भरायला घेतला, वाइन काठाशी आली तरी त्यांचं लक्ष मॅडमकडेच होतं, आणि बरीचशी टेबलावर सांडली.